‘पारोइकिया’ : ‘पॅरिश’ ह्या शब्दाची कुळकथा



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत मंदिराच्या बांधणीचा, शाळेचा, धर्मगुरूंच्या मालिकेचा व सेवाभावी मंडळांचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. त्या वृत्तांतांत एक शब्द पानोपानीं येतो. तो म्हणजे ‘पॅरिश’. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवर तो आहे, लग्नाच्या दाखल्यावर तो आहे, आणि एखादा मुलगा नोकरीसाठीं दूरदेशीं गेला म्हणजे पहिल्या रविवारीं तो जी चौकशी करितो तीही ह्याच शब्दानें करितो. इतक्या जवळच्या शब्दाचें कूळ कोणतें, वाटेंत त्यानें कोणकोणतीं रूपें घेतलीं, आणि पन्नास वर्षें पुरीं होत असतां तो आपणांस कांहीं बजावतो कीं काय, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय प्रथमदर्शनीं व्याकरणाचा वाटेल. परंतु शेवटपर्यंत वाचल्यास तो आपल्या घरचाच आहे असें दिसून येईल.

‘पॅरिश’ हा शब्द इंग्रजींत जुन्या फ्रेंच भाषेंतून आला, फ्रेंचांत लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्यें ग्रीक ‘पारोइकिया’ ह्या शब्दावरून. ह्या ग्रीक शब्दाचे दोन अवयव आहेत. ‘पारा’ म्हणजे जवळ, बाजूस. आणि ‘ओइकोस’ म्हणजे घर. ह्यांपासून ‘पारोइकोस’ हें विशेषण झालें. त्याचें पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच असतें, आणि नामासारखाही त्याचा उपयोग होतो. ‘पारोइकेइन’ हें त्याचें क्रियापद, आणि ‘पारोइकिया’ व ‘पारोइकेसिस’ हीं त्या प्रकारें राहण्याचीं नांवें. ‘ओइकोस’चा गोतावळा फार मोठा आहे. घर चालविणें ती ‘ओइकोनोमिया’. माणसांनीं वसलेली सारी पृथ्वी ती ‘ओइकुमेने’. आणि एके ठिकाणीं कायमचें घर करून राहणें तें ‘कातोइकेइन’. हा शेवटचा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण ‘पारोइकेइन’ ह्याचा अर्थ त्याच्या शेजारीं ठेविल्यावांचून नीट उमगत नाहीं.

अगदीं जुन्या ग्रीक लेखकांत ‘पारोइकोस’ म्हणजे केवळ शेजारी. इ. स. पूर्वीं ४८० मध्यें इराणचा बादशहा क्सर्क्सीस ग्रीस देशावर चालून आला असतां, स्पार्टाचा पदच्युत राजा देमारातोस ह्यानें त्यास असा सल्ला दिला कीं, स्पार्टासमोरचें किथेरा बेट हस्तगत करावें, म्हणजे दाराशींच युद्ध पेटल्यामुळें स्पार्टाचे लोक इतर ग्रीकांच्या मदतीस जाणार नाहींत. हिरोडोटस ह्या इतिहासकारानें त्या दाराशींच्या युद्धास ‘पारोइकोस’ असेंच विशेषण लाविलें आहे. येथवर परकेपणाची छटा नाहीं. नुसती जवळीक आहे.

पुढें शहरांची राज्यव्यवस्था घट्ट झाली तसा शब्दाचा अर्थ अरुंद झाला. ग्रीक शहरांत जन्मानें नागरिक असलेल्यांसच सभेंत बसण्याचा व जमीन बाळगण्याचा हक्क असे. बाहेरून येऊन राहिलेल्यांस अथेन्समध्यें ‘मेतोइकोस’ म्हणत. पुरुषास वर्षाला १२ द्राख्मा व स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीस ६ द्राख्मा एवढी पट्टी भरावी लागे, आणि एखाद्या नागरिकास आपला पालक म्हणून दाखवावें लागे. स्तागिरा गांवचा आरिस्टॉटल, ज्याचें तत्त्वज्ञान सेमिनरींत आम्हांस वर्षानुवर्षें शिकावें लागलें, तो अथेन्समध्यें असाच बाहेरचा रहिवासी होता. आशिया मायनरच्या शहरांत अशाच लोकांस ‘पारोइकोस’ हें नांव पडलें. तेथील शिलालेखांत नागरिक वर आणि परके व दास खालीं, अशा उतरंडींत मधली पायरी ‘पारोइकोस’ लोकांची दिसते. इ. स. पूर्वीं १३३ मध्यें पेर्गामोनचा राजा तिसरा आत्तालोस वारला, तेव्हां त्या शहरानें ठराव करून नोंदवहींतील पारोइकोस लोकांस नागरिकत्व दिलें, आणि राजाच्या दासांपैकीं पुष्कळांस पारोइकोसांच्या पायरीवर चढविलें. थोडक्यांत, हा शब्द केवळ भावनेचा नव्हता. तो सरकारी दप्तरांतील दर्जाचा शब्द होता.

आपल्या मराठी वाचकांस तो दर्जा समजणें कठीण जाऊं नये. पेशवाईच्या काळीं देशावरच्या गांवांत मिरासदार व उपरी असे दोन प्रकारचे कुणबी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरीत राहिल्यास त्यास कोणी उठवूं शकत नसे, आणि गांवकींत त्याचा शब्द चाले. उपरी हा बाहेरून येऊन कौलानें जमीन कसणारा. घाम तितकाच गाळी, पण वारसा नाहीं आणि पंचाईतींत मान नाहीं. ग्रीक ‘पारोइकोस’ ह्यास मराठींत एकच प्रतिशब्द द्यावयाचा झाल्यास आम्ही ‘उपरी’ हाच देऊं. हा शब्द कानांस टोंचतो हें आम्ही जाणतों. मूळ ग्रीक शब्दही तसाच टोंचत असे.

आतां हा शब्द पवित्र शास्त्रांत कसा शिरला तें पाहूं. इ. स. पूर्वींच्या तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत यहुदी पंडितांनीं हिब्रू शास्त्राचें ग्रीक भाषांतर केलें. त्याचा आरंभ अलेक्झांड्रिया येथें झाला. त्यास सत्तरींचें भाषांतर, म्हणजे सेप्तुआजिंत, म्हणतात. हिब्रूमधील ‘गेर’ व ‘तोशाब’ हे शब्द परमुलखांत आसऱ्यानें राहणाऱ्यास लावीत. ‘गेर’ ह्यास बहुधा ‘प्रोसेलितोस’ म्हणजे जवळ येऊन मिळालेला, आणि पुष्कळ ठिकाणीं ‘पारोइकोस’. ‘तोशाब’ ह्यास तर बहुतेक ‘पारोइकोस’च, अशी त्यांनीं योजना केली. सारा मरण पावली तेव्हां आब्राहाम हेथाच्या वंशजांपुढें उभा राहून आपण त्यांच्यामध्यें पारोइकोस आहों असें सांगतो, आणि पत्नीस पुरण्यापुरती जागा ४०० शेकेल रुपें मोजून विकत घेतो. ज्या देशाचें वचन देवानें त्यास दिलें होतें, त्या देशांत त्याच्या मालकीची पहिली भूमि म्हणजे एक कबर! मिद्यान देशांत मोशेला मुलगा झाला, तेव्हां त्याचें नांव गेर्षोम ठेवण्याचें कारण हेंच कीं बाप परक्या भूमींत पारोइकोस होता.

ह्या दर्जाची कडवट बाजूही शास्त्रानें झांकलेली नाहीं. निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत वल्हांडणाचे नियम आहेत. त्यांत पारोइकोस व मोलकरी ह्यांनीं त्या भोजनास बसूं नये असें स्पष्ट आहे. पंगत मांडलेली, आणि उपरी दाराबाहेर. हें चित्र वाचकांनीं मनांत बाळगावें.

तथापि सर्वांत महत्त्वाचें स्थळ लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे, आणि आजच्या प्रसंगाशीं त्याचा संबंध अगदीं सख्खा आहे. हा अध्याय योबेलाचा, म्हणजे ज्युबिलीचा. ‘योबेल’ म्हणजे एडक्याचें शिंग. पन्नासाव्या वर्षीं तें फुंकून देशभर मुक्ति जाहीर करावयाची, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावयाची, कर्जापायीं बंदा झालेला आपल्या कुळांत परतावयाचा. ग्रीक भाषांतरकारांनीं योबेलास ‘आफेसिस’ म्हणजे सोडवणूक हा शब्द योजिला. ही सोडवणूक कां करावयाची ह्याचें कारण २३ व्या वचनांत देव स्वतः देतो. जमीन कायमची विकूं नये. कां, तर ती त्याची आहे, आणि इस्राएल लोक त्याच्यापुढें प्रोसेलितोस व पारोइकोस आहेत. ज्या अध्यायांत पारोइकोसांचीं मुलें दास म्हणून विकत घेण्याची मोकळीक पुढें दिलेली आढळते, त्याच अध्यायांत साऱ्या इस्राएलास पारोइकोस ठरविलेलें आहे! सातबारा कोणाच्याही नांवें असो, मिरासदार एकच. बाकी सारे उपरी. ‘ज्युबिली’ व ‘पॅरिश’ ह्या दोन शब्दांचीं मुळें शास्त्रांत अशीं एकाच अध्यायांत भेटतात. आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या पत्रिकेवर हे दोन्ही शब्द एका ओळींत छापले गेले, तेव्हां हें नातें कोणाच्या ध्यानांत आलें असेल असें नाहीं.

नव्या करारांत हें शब्दकुल एकंदर आठ ठिकाणीं येतें. त्यांतील तीन स्थळांचा विचार येथें पुरे. पहिलें संत लूकाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायांतील. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य खिन्न होऊन चालले आहेत. एक अनोळखी वाटसरू त्यांस गांठतो. आणि क्लेओपास त्यास विचारतो कीं, येरुशलेमांत राहून तेथें घडलेलें ज्यास ठाऊक नाहीं असा तूंच एकटा कीं काय. येथें ‘राहणें’ ह्यास ‘पारोइकेइन’ हेंच क्रियापद आहे. म्हणजे पुनरुत्थान पावलेल्या प्रभूला उद्देशून उच्चारलेल्या पहिल्या कांहीं शब्दांत, तो परगांवचा उपरी दिसतो, हा शब्द आहे. पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या उपऱ्यास त्यांनीं आग्रहानें घरांत घेतलें, पंगतीस बसविलें, आणि भाकर मोडतांच त्यांचे डोळे उघडले. निर्गमांतील नियमानें जो पंगतीबाहेर होता, तोच येथें पंगतीचा यजमान झाला.

दुसरें स्थळ इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस आहे. यहुदीतर ख्रिस्तीजनांस प्रेषित सांगतो कीं ते आतां परके व पारोइकोस राहिले नसून पवित्र जनांचे सहनागरिक व देवाच्या घरचे झाले आहेत. ग्रीक मुळांत ह्या चार वचनांत ‘ओइकोस’पासून निघालेले सहा शब्द ओळीनें येतात: घराबाहेरचा, घरचा, पायावर बांधलेला, बांधणी, एकत्र बांधलें जाणें, आणि वसतिस्थान. उंबऱ्याबाहेरचा मनुष्य एकेक पायरी चढत शेवटीं स्वतःच देवाचें घर बनतो. भाषांतरांत ही शोभा लोपते.

तिसरें स्थळ संत पेत्राच्या पहिल्या पत्रांतील, आणि तें ह्याच्या उलट दिसतें. पोंत, गलातिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया ह्या प्रांतांतील ख्रिस्तीजनांस तो पारोइकोस म्हणूनच हांक मारितो, आणि त्यांच्या ऐहिक आयुष्याच्या काळास ‘पारोइकिया’ म्हणतो. पेर्गामोन ह्याच आशिया प्रांतांतलें. हा शब्द तेथील वाचकांनीं नगराच्या नोंदवहींत पाहिलेला होता. मग एक प्रेषित म्हणतो तुम्ही उपरी राहिलां नाहीं, आणि दुसरा म्हणतो तुम्ही उपरीच आहां, हें कसें? विरोध केवळ दिसण्यापुरता आहे. देवाच्या घरीं कोणी उपरा नाहीं. जगाच्या घरीं ख्रिस्ती मनुष्य कधींच मिरासदार नाहीं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि एक विसरली तर दुसरी नासते.

आद्य ख्रिस्तसभेनें हा शब्द लाजून टाकिला नाहीं. उलट पत्राच्या माथ्यावर मिरविला. इ. स. ९६ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तसभेनें कोरिंथच्या ख्रिस्तसभेस पत्र लिहिलें, तें संत क्लेमेंतचें म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांत लिहिणारी सभा रोमांत ‘पारोइकुसा’ व घेणारी कोरिंथांत ‘पारोइकुसा’, म्हणजे तेथें उपरेपणानें वसत असलेली, अशी ओळख दिली आहे. हें वर्तमानकाळीं धातुसाधित आहे. ‘एक्लेसिया’ हें नाम स्त्रीलिंगी म्हणून तेंही स्त्रीलिंगी. रोमसारख्या राजधानींतली सभा स्वतःस रोमची मालकीण म्हणवीत नाहीं. स्मर्नाचा बिशप संत पोलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यास रक्तसाक्षी झाला. त्याचा वृत्तांत तेथील सभेनें लिहून पाठविला, तो फिलोमेलियमच्या सभेस आणि पवित्र कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या ठिकठिकाणच्या ‘पारोइकिया’ंस. ‘कॅथोलिक’ व ‘पॅरिश’ हे आपले दोन शब्द असे एका रक्तसाक्ष्याच्या चितेजवळ एकत्र आलेले आहेत. इ. स. १७७ मध्यें गॉल देशांत छळ झाला, तेव्हां व्हिएन्न व लियों येथील श्रद्धावंतांनींही आशियांतील बंधूंस लिहितांना आपण तेथें ‘पारोइकेइन’ करीत आहों असें म्हटलें.

त्यानंतर शब्दाच्या आयुष्यांत मोठा पालट झाला. छळ थांबला, मंदिरें उभीं राहिलीं, आणि प्रवाशांच्या तळास चतुःसीमा आल्या. चौथ्या शतकांतील इतिहासकार युसेबियस ‘पारोइकिया’ हा शब्द बिशपच्या अधिकारक्षेत्रास लावितो. इ. स. ३२५ च्या नीकेया येथील विश्वसभेच्या सोळाव्या नियमांत, आपलें ठिकाण सोडून गेलेल्या धर्मसेवकांनीं आपापल्या पारोइकियांत परतावें असें फर्माविलें आहे. जो शब्द कालपर्यंत ‘येथें कायमचें राहणें नाहीं’ असें म्हणे, तोच आतां ‘येथून हलूं नका’ असें म्हणूं लागला! पूर्वेकडे बायझंटाइन साम्राज्यांत तर ‘पारोइकोस’ हें नांव जमीनदाराच्या शेतास जखडलेल्या कुळास पडलें.

पश्चिमेकडे ‘दिओइकेसिस’ हा त्याच ‘ओइकोस’चा दुसरा नातू पुढें आला. घरचा कारभार पाहणें हा त्याचा मूळ अर्थ. सम्राट दिओक्लेतियनच्या व्यवस्थेंत प्रांतांच्या समूहास तें नांव मिळालें, आणि तेथून ‘डायोसिस’ झालें. पुष्कळ काळ लॅटिन लेखक हे दोन शब्द अदलाबदलीनें वापरीत. पुढें मोठ्यास डायोसिस व लहानास पॅरिश अशी वाटणी स्थिरावली. लॅटिनमध्यें ‘पारोइकिया’चें ‘पारोकिया’ होण्यांत आणखी एका शब्दाचा संसर्ग झाला असावा असें पंडित मानितात. ‘पारोकुस’ म्हणजे सरकारी कामानें फिरणाऱ्या प्रवाशांस आसरा व शिधा पुरविणारा. कवि होरेसनें ब्रुंदिसियमच्या प्रवासवर्णनांत त्याच्याकडून लांकूडफांटा व मीठ मिळाल्याचें नमूद केलें आहे. पुढें हेंच नांव पॅरिशच्या धर्मगुरूस मिळालें. आम्हांस हा अपघात फार आवडतो. वाटसरूंच्या वस्तीचा धर्मगुरु म्हणजे मीठ व सरपण पुरविणारा. ह्याहून अधिक मोठी पदवी त्यानें मागूं नये.

त्रेंत विश्वसभेनें नोव्हेंबर १५६३ मधील चोविसाव्या बैठकींत बिशपांस आज्ञा केली कीं लोकांची निश्चित धर्मग्रामांत विभागणी करावी, आणि प्रत्येकास त्यांना ओळखूं शकेल असा कायमचा धर्मगुरु द्यावा. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर ‘फ्रेगेझिया’ हा निराळा शब्द आला. त्याचें मूळ लॅटिन ‘फिलियुस एक्लेसिये’, म्हणजे ख्रिस्तसभेचा पुत्र. कोंकणींतलें ‘फिर्गज’ तें हेंच. गमतीची गोष्ट अशी कीं पोर्तुगीज ‘फ्रेगेझ’ ह्याचे आज दोन अर्थ होतात: पॅरिशचा मनुष्य, आणि दुकानाचें गिऱ्हाईक. दाखल्यापुरतें दर्शन देणाऱ्यांनीं आपण कोणत्या अर्थीं ‘फ्रेगेझ’ आहों तें स्वतःच ठरवावें. आपण मराठींत रूढ केलेला ‘धर्मग्राम’ हा शब्द सुंदर आहे. मात्र त्यांत ‘ग्राम’ आहे, आणि गांव म्हटला कीं गांवकी येते. मूळ शब्दांत गांवकी नव्हती.

आतां कायद्याकडे वळूं. १९१७ च्या कॅनन कायद्याच्या संहितेंत धर्मप्रांताच्या भूमीची विभागणी करावी ह्या भाषेंत पॅरिशची व्याख्या आली आहे. १९८३ च्या संहितेच्या ५१५ व्या कलमांत मात्र पॅरिश म्हणजे श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय, असें आरंभींच म्हटलें आहे. सीमेचा नियम त्यामागून येतो. पूर्वीं नुसत्या राहण्यानें पक्का अधिवास मिळण्यास १० वर्षें लागत. आतां ५ पुरतात. आणि जो तीन महिने राहिला, किंवा तीन महिने राहण्याच्या उद्देशानें आला, त्यास अर्ध-अधिवास मिळून तेथील धर्मगुरु त्याचा स्वतःचा धर्मगुरु होतो. ज्यास कोठेंच घर नाहीं, त्याचा धर्मगुरु तो ज्या ठिकाणीं आज आहे तेथला. इतकेंच नव्हे, तर गरीब, दुःखी, एकाकी व देशोधडीस लागलेले ह्यांस धर्मगुरूनें आस्थेनें शोधून काढावें, असें ५२९ वें कलम सांगतें.

वाचकहो, ही कुळकथा आम्हीं विद्वत्ता दाखविण्यासाठीं सांगितलेली नाहीं. महोत्सवाच्या तयारींत एक प्रश्न आपल्या अंगणांत अनेकदां ऐकूं आला, आणि तो ह्या स्मरणिकेंत अनुत्तरित राहूं नये असें आम्हांस वाटतें. प्रश्न असा: ‘हे आपले, कीं बाहेरचे?’ ज्यांच्या आजोबांनीं मंदिराचे दगड वाहिले तीं घराणीं एका बाजूस. आणि नव्या इमारतींत भाड्याच्या खोल्यांत राहणारीं, दुसऱ्या प्रांतांतून आलेलीं, वेगळ्या बोलींत प्रार्थना करणारीं कुटुंबें दुसऱ्या बाजूस. सणाच्या समितींत कोणाचें नांव, मिरवणुकींत मखर कोणाच्या खांद्यावर, पुढच्या बांकावर कोण, हे वाद लहान दिसतात. पण त्यांच्या मुळाशीं मिरासदार व उपरी हाच जुना भेद आहे. दगड वाहणाऱ्या वाडवडिलांचें ऋण आम्ही मानितों, आणि तें ह्या अंकांत आदरानें नमूद झालेंच पाहिजे. परंतु त्यांनीं घर बांधिलें तें देवासाठीं, वतनासाठीं नव्हे. पन्नास वर्षांपूर्वीं उघडलेल्या आपल्या पहिल्या नोंदवहींत प्रत्येक नांव नवेंच होतें; जुनें असें तींत कोणीच नव्हतें.

दुसरीही बाजू आहे. आज आपल्यापैकीं किती घरांतील मुलें आखातांत, कानडांत, ऑस्ट्रेलियांत आहेत! तेथील मंदिरांत तीं रविवारीं मागच्या बांकावर बसतात, आणि कोणीतरी वळून आपलें नांव विचारावें अशी वाट पाहतात. परदेशीं आपल्या लेंकरांस जें मिळावें म्हणून आई रात्रीं जपमाळ ओढते, तेंच आपल्या मागच्या बांकावरील परक्या आईच्या लेंकरास देणें हें आपल्या हातीं आहे.

म्हणून ह्या योबेल वर्षीं आमची एवढीच विनंति आहे. प्रत्येक जुन्या घरानें एका नव्या घराचें दार ठोठवावें, त्यांचीं नांवें विचारावीं, आणि महोत्सवाच्या भोजनास त्यांस आपल्या पानाशेजारीं बसवावें. ‘पारा’ म्हणजे शेजारीं, आणि ‘ओइकोस’ म्हणजे घर. शब्दाचा सर्वांत जुना अर्थ तोच होता. शिंग फुंकलें गेलें आहे. भूमि प्रभूची आहे, आपण सारे तिच्यावर वस्तीस आलेलों आहों, आणि ज्यास आपण उपरा समजून जेवावयास बोलावूं, तो भाकर हातीं घेईल तेव्हां कोण म्हणून ओळखू येईल हें अम्माऊसच्या त्या दोघांनीं आपणांस सांगून ठेविलेंच आहे.

प्रभु आपल्या धर्मग्रामाचें कल्याण करो.